शनिवारचे चरित्रवाचन : प्रकल्प नोंदी

२३ सप्टेंबर २०२३

आमचे वाचनालय सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. खाली यंत्रमाग चालतात आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही आहोत, त्यामुळे आमच्याकडे शांतता नावाची वस्तू फक्त वीज गेल्यावर मिळते. शासनाच्या वर्गवारीत वाचनालय ‘ड’ वर्गात, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर आहे. ग्रंथपाल मी एकटाच असून शनिवारी दुपारी बी.एड. करणारी एक विद्यार्थिनी मदतीला येते. मुले तिला ताई म्हणतात आणि मला सर.

आजपासून दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी दर शनिवारी साडेतीन ते पाच या वेळेत चरित्रवाचनाचा वर्ग सुरू केला असून अठरा नावे आली आहेत. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, दोघांच्या घरी उर्दू. मराठी ही त्यांची शाळेची आणि रस्त्यावरची भाषा आहे.

चरित्रेच का, याचे खरे कारण नोंदवून ठेवतो. बालविभागाच्या कपाटात सर्वांत जास्त पुस्तके चरित्रांची आहेत, कारण कोणाच्या स्मरणार्थ पुस्तके द्यायची झाली की माणूस थोरांची चरित्रेच देतो. देवघेवीचे रजिस्टर पाहिले, तर ही पुस्तके गेल्या दोन वर्षांत जवळजवळ हललेलीच नाहीत. परीकथांच्या आणि विनोदांच्या पुस्तकांची पाने गळून पडली आहेत आणि चरित्रे मात्र कोरी करकरीत उभी आहेत. दोष मुलांचा की पुस्तकांचा, हे तपासायचे आहे.

३० सप्टेंबर २०२३

पहिला वर्ग साफ फसला. बत्तीस पानांचे एक चरित्र घेऊन मी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला बसलो. जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, घरची परिस्थिती, अशा क्रमाने मजकूर पुढे सरकत होता आणि मुले खिडकीकडे सरकत होती. तिसरीतल्या एका मुलाने अत्यंत गंभीरपणे विचारले, “सर, हे परीक्षेला येणारय का?” येणार नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मला बरेच काही सांगून गेली.

वर्ग सुटल्यावर ताईने आणि मी त्याच पुस्तकाची पहिली दोन पाने पेन्सिल घेऊन तपासली. ‘थोर’ हा शब्द पाच वेळा, ‘महान’ तीन वेळा आणि ‘देदीप्यमान’, ‘अलौकिक’, ‘तेजस्वी’ प्रत्येकी एकदा आला आहे. जे मूल घरी तेलुगू बोलते आणि ‘आहे’, ‘होता’ अजून जपून वापरते, त्याला ‘देदीप्यमान’ या शब्दाने कोणते चित्र दिसावे? पहिल्या पानावर त्या माणसाच्या हातात एकही वस्तू नाही, त्याला भूक लागत नाही, तो कोणावर रागावत नाही आणि तरीही तो थोर आहे, एवढेच सांगितलेले आहे.

पुढच्या शनिवारसाठी एवढे ठरवले, की चरित्र पहिल्या पानावरून सुरू करायचे नाही. तो माणूस वर्गातल्या मुलांच्या वयाचा असताना त्याच्यावर काही प्रसंग गुदरला असेल, तर तिथूनच पुस्तक उघडायचे.

७ ऑक्टोबर २०२३

आजचे चरित्र लुई ब्रेल यांचे होते. चौकातल्या चप्पल शिवणाऱ्या मामांकडून एक जुनी आरी मागून आणली होती. ती टेबलावर ठेवून मी काहीच बोललो नाही. ही कशाची, टोक किती धारदार, चामड्यातून कशी जाते, याची उत्तरे मुलांनीच दिली, कारण दोघांच्या घरी हेच काम चालते. त्यानंतर सांगितले, की फ्रान्समधल्या कूव्रे नावाच्या गावी घोड्यांची खोगिरे बनवणाऱ्या एका कारागिराचा तीन वर्षांचा मुलगा बापाच्या दुकानात अशाच एका हत्याराशी खेळत बसला होता. पुढचे मी सांगितले नाही, तरी वर्गाला कळले होते. एका मुलीने आरी उचलून टेबलाच्या मधोमध, कोणाचा हात सहज पोहोचणार नाही अशी ठेवली.

ती जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि मुलगा पूर्ण आंधळा झाला. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. सैन्यात रात्री अंधारात वाचता यावे म्हणून बार्बिए नावाच्या अधिकाऱ्याने बारा टिंबांची एक लिपी केली होती. एका बोटाखाली बारा टिंबे मावत नाहीत, हे लुईच्या ध्यानात आले आणि पंधराव्या वर्षी, म्हणजे १८२४ मध्ये, त्याने ती सहा टिंबांवर आणली. एवढे सांगून जाड पुठ्ठ्याचे तुकडे आणि बोथट दाभण वाटले. आपल्या भाषांसाठी १९५१ पासून जी भारती ब्रेल वापरतात, तिच्यात ‘क’ हे अक्षर दोन टिंबांचे असते: डाव्या उभ्या ओळीतले सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे. मुलांनी पुठ्ठ्याला मागून टोचून तो ‘क’ काढला, उलटून बोट फिरवले, तर टिंबे उजव्या बाजूला आली. गोंधळ झाला. पाच मिनिटे कोणालाच कळेना. शेवटी चौथीतली एक मुलगी ओरडली, “अरे, मागून टोचताना उलटं टोचायला लागतंय!” मीही हे आधी करून पाहिलेले नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

जाताना चौघांनी ते पुस्तक घरी मागितले. प्रत एकच आहे, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या.

१० ऑक्टोबर २०२३

आज मंगळवार असूनही बारा मुलांना, पालकांची लेखी संमती घेऊन, भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात नेले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. या मुलांनी त्यांचे नाव ऐकलेले होते, परंतु कोणीतरी जुने डॉक्टर यापलीकडे माहिती नव्हती. परत येताना रिक्षात बसल्याबसल्या एकाने विचारले, “सोलापूरचेच होते तर चीनला कशाला गेले?” प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरात सगळे चरित्र आहे. जपानने चीनवर आक्रमण केले, तिकडच्या जखमी सैनिकांना डॉक्टर कमी पडू लागले आणि १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. चौघे परत आले आणि कोटणीस तिथेच राहिले.

मुलांना सर्वांत जास्त काय आवडले, हे मला आधी सुचले नसते. कोटणिसांनी तिकडे ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले आणि त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ ठेवले. त्यातला ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. संपूर्ण रिक्षा आपापल्या नावांचे तुकडे पाडून त्यात गावे शोधू लागली.

१४ ऑक्टोबर २०२३

उद्या १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. उद्या रविवारही आहे आणि घटस्थापनाही, म्हणून कार्यक्रम आजच उरकला. जवळच्या एका शाळेने मुलांनी पुस्तके हातात धरलेली छायाचित्रे अहवालासाठी मागितली होती, ती दिली. छायाचित्र काढून होताच पुस्तके परत कपाटात गेली, हेही नोंदवून ठेवतो.

त्यानंतरची वीस मिनिटे मात्र कामी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून बाहेर फेकले जाऊ लागले. ते झेलायला कलामांच्या चुलतभावाला हात हवे होते, म्हणून लहानग्या कलामांना काम मिळाले आणि पहिली कमाई झाली. रद्दीचा सुतळीने बांधलेला गठ्ठा मुलांना उचलायला दिला. दुसरीतल्या मुलांना तो छातीपर्यंतही नेता येईना.

२८ ऑक्टोबर २०२३

कोजागरी. पाच मुले आली. बाकीची घरच्यांबरोबर तुळजापूरला पायी गेली आहेत. वर्ग घेतला नाही, कपाट आवरले.

४ नोव्हेंबर २०२३

मागच्या शनिवारी जी मुले आली नाहीत, त्यांच्यामुळेच आजचे चरित्र ठरले. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. त्यातले किती पायी चाललात, किती बाबांच्या खांद्यावर आणि किती टमटममध्ये, याचा हिशेब आधी प्रत्येकाकडून घेतला. थोडी लबाडी झाली, पण एका मुलीने टाचेवरचा फोड दाखवल्यावर सगळ्यांचा सूर खाली आला. त्यानंतर फळ्यावर कोकणातले मुरुड आणि घाटावरचे सातारा अशी दोन टिंबे काढली आणि सांगितले, की १८७५ साली एक मुलगा पावसाळ्याच्या दिवसांत या दोन गावांमधले शंभराहून अधिक मैल परीक्षेला बसण्यासाठी पायी चालला. मैल म्हणजे काय, हे तुळजापूरच्या हिशेबात सांगितले. ‘तीन-चार तुळजापूर’ असे माप वर्गाने आपणहून ठरवले आणि ते कायम वापरायचे आहे.

तो मुलगा धोंडो केशव कर्वे. घाट चढून तो साताऱ्याला पोहोचला, समितीसमोर उभा राहिला आणि समितीने त्याच्याकडे पाहून सांगितले, की तू वयाने लहान दिसतोस, तुला परीक्षेला बसता येणार नाही. वय सतरा असूनही तो अंगाने लहानखुरा होता.

इथे मी पुस्तक मिटले. हे ठरवून केले होते. वर्गात अक्षरशः दंगा झाला. “दाखला दाखवायचा की!”, “त्यांना सांगायचं की किती चालत आलोय!”, “मग परत पण चालतच गेला का?” अशा प्रश्नांवर मी फक्त एवढेच म्हटले, की पुढचे पुस्तकात आहे. पाच जणांनी एकाच प्रतीवर झडप घातली आणि मलपृष्ठाचा कोपरा फाटला. गेल्या दोन वर्षांत आमच्या चरित्रविभागात फाटलेले हे पहिले पुस्तक आहे.

ताईचा आक्षेप असा, की गोष्ट अर्धवट तोडणे ही युक्ती आहे, तीही मालिकावाल्यांची. आक्षेप मान्य आहे. मात्र मालिकेत पुढचा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतो आणि इथे तो मुलाच्या हातातल्या पुस्तकात असतो, एवढा फरक मला पुरेसा वाटतो. चरित्रात हे सहज जमते, कारण अन्याय, नकार आणि अपयश त्यात असतेच, लेखकाने ते दोन वाक्यांत गुंडाळले नसले म्हणजे झाले.

१८ नोव्हेंबर २०२३

दिवाळीमुळे ११ तारखेला वर्ग झाला नाही. सुटीत नऊ पुस्तके घरी गेली होती, आठ परत आली. एकावर तेलाचा मोठा डाग आहे, बहुधा चकलीच्या परातीशेजारी वाचले गेले असावे. दंड घेतला नाही.

२५ नोव्हेंबर २०२३

आजची नोंद माझ्या चुकीची आहे आणि ती सविस्तर लिहिणे भाग आहे. मागच्या शनिवारी एका समाजसुधारकाबद्दल बोलताना, तो रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाखाली बसून अभ्यास करत असे, हा प्रसंग मी मोठ्या रंगाने सांगितला. आज चौथीतला एक मुलगा, जो फारसा बोलत नाही, दोन पुस्तके घेऊन पुढे आला आणि म्हणाला, “सर, हे पण दिव्याखाली अभ्यास करायचे आणि हे पण. सगळेच दिव्याखाली कसं काय?”

आम्ही तिथल्या तिथे कपाट तपासले. दिव्याचा खांब आणखी चार पुस्तकांत निघाला. गरिबीत असा अभ्यास पुष्कळांनी केला असेल, तो खोटा म्हणायचे कारण नाही. परंतु मी सांगितलेला प्रसंग ज्या माणसाबद्दल होता, त्याच्या मोठ्या चरित्रात मला तो रात्री शोधूनही सापडला नाही. मी तो कुठे वाचला होता, की लहानपणी कोणाकडून ऐकला होता, हे मला आठवत नाही. मुलांना तसेच सांगितले. शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने असे कबूल करावे की नाही, यावर एका पालकाने नंतर नापसंती दाखवली. मुलांनी मात्र मला जरा अधिक जवळचे मानले, असा माझा समज आहे.

मुलांना उदाहरण म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या चेरीच्या झाडाची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी कुऱ्हाडीने झाड तोडले आणि वडिलांसमोर खरे बोलले, ही कथा जगभरच्या मुलांना खरे बोलण्याचा धडा म्हणून सांगितली जाते. ती वीम्स नावाच्या चरित्रकाराने वॉशिंग्टन वारल्यानंतर, १८०६ च्या आवृत्तीत, पहिल्यांदा घातली आणि तिला दुसरा आधार मिळालेला नाही. खरे बोलण्याचा धडाच बनावट निघावा, यातली गंमत चौथीच्या मुलांना लगेच कळली आणि दुसरीच्या मुलांना कळली नाही.

नवा नियम असा: पुस्तकातल्या प्रसंगाशेजारी पेन्सिलने खूण करायची. त्या माणसाने स्वतः लिहून ठेवले असेल तर गोल, दुसऱ्या कोणी पाहून लिहिले असेल तर चौकोन आणि काहीच कळत नसेल तर नुसते प्रश्नचिन्ह. सार्वजनिक पुस्तकात खुणा करू नयेत हा नियम मीच भिंतीवर लावलेला आहे, तो या कपाटापुरता मागे घेतला.

२ डिसेंबर २०२३

गोल खूण मिळेल अशी चरित्रे शोधू लागल्यावर कपाटाकडे बघण्याची रीत बदलली. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९०१ सालचा प्रवास घेतला. तो त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला आहे आणि त्या वेळी त्यांचे वय साधारण आमच्या चौथीच्या मुलांएवढे होते. भाऊ आणि बहिणीच्या मुलासह ते सुटीत वडिलांना भेटायला निघाले, नवे कपडे घालून मसूर स्टेशनावर उतरले, पण पत्र न पोहोचल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलत होते, जात कळल्यावर मागे सरले. गाडीवाले दुप्पट भाडे मिळूनही बैल हाकायला तयार होईनात, शेवटी मुलांनीच गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने चालत आला. बरोबर जेवण होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही, म्हणून जेवताही आले नाही.

मी काहीही जोडले नाही, आवाजही चढवला नाही. प्रसंग ऐकल्यावर वर्ग कोजागरीच्या दिवशी होता त्याहून शांत झाला. मग एका मुलीने विचारले, की डबा होता आणि पाणी नव्हते, तर कोरडी भाकरी घशाखाली गेली नसती का. कडक भाकरीच्या गावातल्या मुलीला हा प्रश्न पडणारच. दुसऱ्याने विचारले, “पत्र का पोहोचलं नाही?” ते चरित्रात आहे, त्यालाच वाचायला लावले. अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून त्याने दीड पान वाचले. जून महिन्यात हाच मुलगा फळ्यावरचे जोडाक्षर वाचताना रडला होता, असे त्याच्या वर्गशिक्षिका सांगतात.

९ डिसेंबर २०२३

आज कोटणिसांचा स्मृतिदिन आहे. ते ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच वारले. वर्गाऐवजी घरभेटी ठेवल्या होत्या, कारण पुस्तक घरी गेल्यावर त्याचे काय होते, हे मला पाहायचे होते.

तिसरीतल्या एका मुलीचे घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याचा ओटा. ओट्यावर आजी विड्या वळत बसली होती. सुपात कापलेली पाने, एका बाजूला तंबाखू, गुडघ्यावर दोऱ्याचे रीळ. पान उचलले, चिमूटभर तंबाखू घातला, वळले, तोंड दुमडले, दोरा गुंडाळून तोडला आणि पुढचे पान उचलले, हे सगळे एवढ्या वेगात की मध्ये काही थांबते आहे असे वाटू नये. नात शेजारी बसून कोटणिसांचे चरित्र वाचत होती: एक वाक्य मराठीत आणि तेच लगेच आजीसाठी तेलुगूत. मराठी वाचताना तिचा सूर शाळेतला होता आणि तेलुगूत सांगताना ती हातवारे करत होती. एका ठिकाणी ती अडली, कारण ‘शल्यचिकित्सक’ हा शब्द तिला कळला नाही. माझ्याकडे पाहिल्यावर मी ‘ऑपरेशनवाले डॉक्टर’ म्हटले आणि गाडी पुढे गेली. हे पुस्तक लिहिणाऱ्याला हा ओटा दाखवायला हवा होता.

कोटणीस वारल्याचे वाचून झाल्यावर आजीचा हात पहिल्यांदा थांबला. तिने तेलुगूत काही विचारले, ते नातीने मला सांगितले: “आजी म्हणतीय, त्या बाईचं आणि लेकराचं पुढं काय झालं?” पुस्तकात ते नव्हते. डॉक्टर वारले, पुस्तक संपले. यिनहुआ तेव्हा काही महिन्यांचाच होता आणि ग्वो छिंगलान त्यानंतर सत्तर वर्षे, २०१२ पर्यंत, हयात होत्या, त्या भारतातही येऊन गेल्या, एवढे मी सांगू शकलो. आजी मान हलवून पुन्हा वळायला लागली.

चरित्र नायकाच्या मृत्यूशी संपते, ही आपली सवय आहे, वाचणाऱ्याची नाही.

२३ डिसेंबर २०२३

मागच्या शनिवारी मायकेल फॅरडे घेतले होते, त्याची नोंद राहून गेली. पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षे उमेदवारी करणारा मुलगा बांधायला आलेली पुस्तके बांधण्याआधी वाचत असे. १८१२ मध्ये त्याने डेव्ही या शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकून टिपणे काढली, ती स्वतः बांधून त्यांनाच पाठवली आणि पुढच्या वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. मुलांना विजेपेक्षा बांधणीत रस वाटला. खालच्या कारखान्यातून टाकाऊ सूत मागून आणले, आठ पानांची जुडी करून मधोमध तीन भोके पाडायची आणि दोरा ओवून गाठ मारायची, असे ताईने शिकवले. सूत ओवण्यात या मुलांचा हात कोणी धरू शकणार नाही. फाटलेले कर्व्यांचे चरित्रही त्यांनीच शिवून दिले, टाके लाल आहेत.

आज या कोऱ्या जुड्यांत काय लिहायचे, असा प्रश्न आला. घरातल्या एका मोठ्या माणसाचे चरित्र लिहावे असे ठरले, आणि ठरवणारी मुलगी ओट्यावरचीच होती. अटी दोनच आहेत: ‘थोर’ शब्द वापरायचा नाही आणि प्रत्येक प्रसंगापुढे गोल, चौकोन किंवा प्रश्नचिन्ह करायचे.

६ जानेवारी २०२४

३ तारखेला सावित्रीबाई फुले यांची जयंती झाली, म्हणून आज कपाटातली स्त्रियांची चरित्रे वेगळी काढायला घेतली. तो ढीग फार लवकर संपला. मुलींनी कारण विचारले, मी देणगीदारांकडे बोट दाखवले, पण गेल्या पाच वर्षांची खरेदी माझी आहे. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मात्र होते. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी, वयाची बावीस पूर्ण होण्याआधी, वारल्या. इतक्या लहान मुलांना मृत्यू किती सांगावा, यावर ताईचे आणि माझे आजही जुळले नाही. ती म्हणते की त्यांनी काय केले त्यावर थांबावे. मला वाटते की मुले विचारणारच, आणि विचारल्यावर टाळणे वाईट.

१२ जानेवारी २०२४

उद्यापासून गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, असल्यामुळे शनिवारचा वर्ग होणार नाही, म्हणून आज शुक्रवारीच मुलांना बोलावले. तारीखही तशीच होती. १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्याआधी १९३० च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ लागला होता. गावात सगळे ज्याला चार पुतळा म्हणतात, तिथून ही मुले रोज जातात, रिक्षावाल्याला ‘चार पुतळा’ म्हणून सांगतात, पण ते चौघे कोण, हे अठरापैकी दोघांना माहीत होते. फाशी हा शब्द मी वापरला, ताईनेही हरकत घेतली नाही. “आपल्या इथलेच?” हा प्रश्न पुन्हा आला. मोठ्या चरित्रांत या चौघांच्या वाट्याला परिच्छेदभर जागा मिळते आणि लहान मुलांना वाचता येईल असे आमच्या कपाटात काहीच नाही. चौथीच्या मुलांनी चार जुड्या राखून ठेवायला सांगितल्या आहेत.

२० जानेवारी २०२४

गड्ड्यातली खेळणी घेऊनच मुले आली, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटे पिपाण्यांत गेली. सात जुड्या लिहून आल्या. टॉवेलच्या मागावर काम करणारे वडील, रेल्वेत हमाली केलेले आजोबा, दोन आत्या, एक शेजारीण आणि दोन आज्या. बहुतेकांनी जन्मतारखेने सुरुवात केलेली नाही. शेजारणीच्या चरित्राची सुरुवात ‘तिच्याकडे कुत्रा होता, तो मेला’ अशी आहे आणि मला ती आवडली. एका जुडीत सर्व प्रसंगांपुढे प्रश्नचिन्ह आहे, कारण आजोबा कामाबद्दल काही सांगत नाहीत, असे मुलाचे म्हणणे पडले.

या जुड्या वाचनालयात ठेवायच्या, त्यांना दाखल क्रमांक द्यायचा आणि चरित्रांच्या कपाटात इतरांबरोबर लावायच्या, असे ठरले. विडी वळणाऱ्या आजीचे चरित्र पहिले नोंदवायला घेतले. दाखल रजिस्टरमध्ये शीर्षक लिहून झाले, लेखकाच्या रकान्यात नातीचे नाव लिहिले आणि किंमत ‘देणगी’ अशी टाकली. एवढ्यात ती स्वतःच धावत वर आली. आजीला रात्री पुस्तक वाचून दाखवले, तेव्हा पान पाचवर गोल खूण केलेला एक प्रसंग चुकीचा निघाला: पहिल्या पगारात आजीने पातळ घेतले नव्हते, स्टोव्ह घेतला होता. पुस्तक तिने परत नेले आहे. नोंद तूर्त पेन्सिलने ठेवली असून पान दुरुस्त होऊन आल्यावर ती शाईने करायची आहे.